व्हॉल्व्हच्या सेटमधला हम: उजेडाचा किती अन् लाइनीचा किती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओ-ॲम्प्लिफायरबद्दल माहिती आली होती. वाचून बरं वाटलं, कारण आजकाल या विषयावर कुणी चार ओळीसुद्धा लिहीत नाही. पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली म्हणून हे पत्र. त्यात लिहिलं आहे की व्हॉल्व्ह काचेचा असतो, खोलीतल्या लाइटचा उजेड आत जातो आणि त्यानेच हम (एकसारखा घुं आवाज) अन् खरखर येते, म्हणून सेट अंधारात ठेवावा, आणि तरीही आवाज गेला नाही तर व्हॉल्व्ह संपला समजावं. हे अर्धं खरं आहे. आणि या अर्ध्या खऱ्यापायी आमच्या भागात चांगले चालू सेट भंगारवाल्याच्या गाडीवर चढून राहिले आहेत, ते मला पाहवत नाही.

मी आर्णी तालुक्यातला. बाजाराच्या गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्याच्या आधी गावोगाव तंबू टाकणाऱ्या टॉकीजमधे ऑपरेटरच्या हाताखाली काम केलं, आता दुकान नाही पण आजूबाजूच्या गावचे लोक अजूनही सेट घेऊन येतात. त्यामुळे जे लिहितो ते हाताखालून गेलेलं आहे.

पहिले खरा भाग सांगतो. उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर येतात ही गोष्ट हर्ट्झ या शास्त्रज्ञांनी १८८७ मधे पाहिली आणि आइन्स्टाइननी १९०५ मधे तिचं कारण मांडलं, पुढे त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कामासाठी. प्रत्येक धातूला इलेक्ट्रॉन सोडायला कमीत कमी एवढी ताकद लागते असा हिशोब असतो. व्हॉल्व्हच्या आत जी जाळी असते, म्हणजे ग्रिड, तिची तार निकेल नाहीतर मॉलिब्डेनम अशा धातूंची, त्यांना चार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ही ताकद मोजायचं माप) वर ताकद लागते आणि डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात सगळ्यात जोरदार जो जांभळा त्याच्यातही तीनच्या आसपास असते. त्याच्या पलीकडचा अतिनील उजेड व्हॉल्व्हची काच बऱ्यापैकी अडवते. म्हणजे नवा कोरा, स्वच्छ ग्रिडचा व्हॉल्व्ह असेल तर तुम्ही त्याच्यावर हॅलोजन धरा नाहीतर एलईडी धरा, ग्रिडला काही फरक पडत नाही.

पण व्हॉल्व्ह जुना झाला की गोष्ट बदलते. कॅथोडवर, म्हणजे मधल्या तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या नळीवर, बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा थर असतो, तो तापून तापून त्यातलं बेरियम थोडं थोडं उडतं आणि शेजारच्या ग्रिडच्या तारेवर जाऊन बसतं. बेरियमला अडीच-पावणेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, आणि दुसऱ्या धातूवर त्याचा पातळ थर बसला तर त्याहूनही कमी. आता पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा भाग असतो, त्याची ताकद पावणेतीनच्या वर भरते. जुन्या पिवळ्या बल्बात निळा फार कमी होता, आणि त्याची तार गरम असल्यामुळे उजेड एकदम कमी-जास्त होत नव्हता. स्वस्तातले एलईडी मात्र ५० सायकलच्या विजेच्या लाइनीवर सेकंदाला १०० वेळा लुकलुक करतात, डोळ्याला दिसत नाही, मोबाइलचा कॅमेरा धरा मग पट्टे दिसतील. म्हणजे बेरियम बसलेला ग्रिड, निळा उजेड आणि त्याची १०० ची लुकलुक असं तिन्ही एका जागी आलं तर १०० सायकलचा हम यायची वाट तयार होते. लेख लिहिणाऱ्याने ऐकलं असेल ते इथपर्यंत बरोबर आहे. कॅथोडवर उजेड पडल्याने मात्र काही होत नाही बरं का, तिथून तसाही मिलिअँपिअरचा करंट निघून राहिला असतो, त्यात उजेडाची भर कुठे दिसणार. प्रश्न फक्त ग्रिडचा आहे, कारण तिथे करंट जवळपास शून्य असायला पाहिजे.

आता हिशोब करू. समजा उजेडाने ग्रिडमधून एक नॅनोअँपिअर निघाला, म्हणजे अँपिअरचा शंभर कोटीवा भाग. ग्रिडला एक मेगओहमचा रेझिस्टन्स असेल तर त्याच्यावर एक मिलिव्होल्ट तयार होतो, आणि साध्या डायनॅमिक माइकवर माणूस बोलला तरी एक-दोन मिलिव्होल्टच येतात, म्हणजे हम बोलण्याएवढा झाला. वाचताना भीती वाटते. पण प्रत्यक्षात उजेडाचा करंट याच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि त्याची कारणं व्हॉल्व्ह हातात घेतला की दिसतात. ईसीसी८३ हा नेहमीचा छोटा व्हॉल्व्ह घ्या, उजेडासमोर धरा आणि ग्रिड शोधा. दिसत नाही. चहूबाजूंनी करड्या रंगाची, इलेक्ट्रॉन गोळा करणारी प्लेट आहे, वर डोक्याला गेटरचा (उरलासुरला गॅस शोषणारा थर) चांदीसारखा आरसा आहे, वरून-खालून अभ्रकाच्या चकत्या आहेत, उजेडाला शिरायला चकतीजवळची बारीक फट तेवढी. आणि दुसरं म्हणजे ग्रिडला एकटा तो मेगओहम नसतो, कंडेन्सरमधून व्हॉल्यूमचा पॉट नाहीतर माइकचा ट्रान्सफॉर्मर बाजूला जोडलेला असतो, तो हम गिळून टाकतो. ईएबीसी८० असलेल्या रेडिओत ग्रिडला १० मेगओहम टाकलेला असतो तो पाहून पोरं घाबरतात, पण तिथेही पॉट आहेच की.

मग उजेडाचा खरा त्रास कुठे होतो? तर जिथे रेझिस्टन्स प्रचंड मोठा आणि बाजूला काही नाही तिथे. किरणोत्सर्ग मोजायच्या जुन्या मशीनमधे इलेक्ट्रोमीटर व्हॉल्व्ह असायचे, त्यांच्या ग्रिडवर अब्जावधी ओहम, ते बंद डब्यात काळ्याकुट्ट अंधारातच चालवत. कंडेन्सर माइकमधे पण आतल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर असाच भलामोठा रेझिस्टन्स असतो पण तो धातूच्या कवचात बंद असल्यामुळे आपोआप निभावतं.

आणि टॉकीजमधे. हे मी जरा जास्त सांगणार कारण इथे उजेड आणि व्हॉल्व्ह यांचं नातं उघड्या डोळ्याने दिसत होतं. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असायची, एका बाजूने एक्सायटर लॅम्पचा उजेड बारीक फटीतून त्या पट्टीवर, पलीकडे फोटोसेल, म्हणजे मुद्दाम उजेडाने इलेक्ट्रॉन सोडणारा व्हॉल्व्हच, त्याला नव्वदेक व्होल्ट दिलेले, आणि तिथून जो कणभर करंट निघेल तो व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधून वाढवून पडद्यामागच्या भोंग्यात. तो एक्सायटर लॅम्प डीसीवर चालवत. एसीवर चालवला तर उजेड १०० ने हलतो आणि सगळा तंबू घुं करतो. साउंड हेडचं, म्हणजे हा लॅम्प अन् फोटोसेल असलेल्या डब्याचं, झाकण उघडं राहिलं आणि केबिनमधे ट्यूबलाइट लागली तरी तेच, भोंग्यातून लगेच हम. आमचे ऑपरेटर काका शो सुरू व्हायच्या आधी तिकिटाचा तुकडा घेऊन त्या उजेडात वर-खाली करायचे, भोंगा धब्ब धब्ब करायचा, मग म्हणायचे, "हं, चालू आहे, सोड आता लोकाईले आत." तिथे खोलीतल्या लाइटमुळे हम येतो असं म्हणणाऱ्याशी माझं काही भांडण नाही, शंभर टक्के खरं.

अजून दोन जागा आहेत. एक निऑन. व्होल्टेज स्थिर ठेवणारे ओए२ सारखे गॅसचे व्हॉल्व्ह किंवा साधा टेस्टरमधला निऑन, हे पूर्ण अंधारात पेटायला उशीर करतात, थोडं जास्त व्होल्टेज मागतात, उजेडात लवकर पेटतात. म्हणून सेट अंधारात ठेवावा हा सल्ला अशा सेटला उलटा पडतो. दुसरी जागा काचेचे डायोड आणि जुने काचेचे ट्रान्झिस्टर. ओसी७१ वर काळा रंग दिलेला असायचा तो शोभेसाठी नव्हता, रंग खरवडला की तोच ट्रान्झिस्टर उजेड ओळखायला लागायचा, आणि आमच्या पिढीच्या पोरांनी तसा तो वापरला पण. कुणी व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून रेडिओत ओए७९ सारखा काचेचा डायोड डकवला असेल आणि सेट उघडा ठेवून वर एलईडी लावला असेल तर खरखर तिथून येऊ शकते, आणि दोष मात्र बिचाऱ्या व्हॉल्व्हवर जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या शेजारच्या गावी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे भजन मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर आहे, पुढे ईसीसी८३ आणि मागे पुश-पुलमधे ईएल८४ ची जोडी, पंधरा-सोळा वॅटचा, आवाज असा गोड की खंजिरीचा एक एक घुंगरू वेगळा ऐकू येतो. मंदिरात नवीन एलईडीचा पॅनल लाइट लागला तेव्हापासून तो हम द्यायला लागला. मंडळाचा पोरगा आला आणि म्हणतो, "काका, लाइट लावला का हे घुं करते, बंद केला का चूप होते. उजेडानंच होत असन ना? पेपरात तसंच आलं हाये." पेपर वाचून त्याने आधीच पत्र्याची टोपी करून आणली होती, ती ईसीसी८३ वर घातली की हम जवळपास जातो हे त्याने करून दाखवलं. म्हणजे झालं की सिद्ध, असंच कुणालाही वाटेल.

इथेच लोक फसतात साहेब. पत्र्याची टोपी उजेड तर अडवतेच पण विजेचं क्षेत्र पण अडवते. दोन्ही कामं एकाच वेळी करते, मग कशाने हम गेला हे कसं समजावं? मी त्याला पत्र्याची टोपी काढायला लावली आणि चपलेच्या खोक्याचा काळा पुठ्ठा गुंडाळून ईसीसी८३ वर नळी बसवली, वरून काळं फडकं. पुठ्ठा उजेड पूर्ण अडवतो, वीज अजिबात अडवत नाही. हम होता तसाच, कान लावून ऐकलं तरी तसाच. मग पुठ्ठा काढला आणि घरची चहाची स्टीलची गाळणी घेतली, तिला तार बांधून चेसिसला, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडली आणि व्हॉल्व्हवर उपडी धरली. गाळणीतून उजेड येतो, वीज अडते. हम निम्म्याच्या खाली आला. मग पॅनल लाइट तसाच लागलेला ठेवून त्याची वायर इन्व्हर्टरवर टाकली, ॲम्प्लिफायर लाइनीवर. हम जवळपास गेला, उजेड मात्र जसाचा तसा होता.

शेवटी बॅटरीची टॉर्च घेतली, तिला लाइनीशी काही देणंघेणं नाही, फुल उजेडावर करून व्हॉल्व्हच्या अगदी जवळ धरली आणि मधे बोटं फिरवली, म्हणजे उजेड कापल्यासारखा होतो. व्हॉल्व्हला उजेड लागत असता तर बोटांच्या चालीवर भोंग्यात फडफड ऐकू आली असती. काही नाही आलं. पोरगा म्हणाला, "म्हणजे उजेड नाही, लाइटची लाइन खराब हाये." तेच.

त्या पॅनलच्या आत जो ड्रायव्हर असतो तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन काम करतो, साधारण दहा-वीस हजारांपासून लाखभर. स्वस्तात मिळणाऱ्यांमधे गाळायचे कंडेन्सर-कॉइल कमीच टाकलेले असतात, मग हा सगळा कचरा वायरीत परत जातो आणि हवेतही पसरतो. माइकची लांब वायर तो उचलते, ईसीसी८३ च्या ग्रिडवर तो डिटेक्ट होतो आणि त्याच्यावर बसलेली १०० ची लहर हम म्हणून बाहेर येते. रेडिओत तर अजून वाईट, कारण त्या कचऱ्याचे पट थेट मिडियम वेव्हवर पडतात. आकाशवाणी नागपूर केंद्र १९४८ चं, ५८५ किलोहर्ट्झवर, आमच्याकडे दिवसा सुद्धा स्वच्छ लागायचं, आता संध्याकाळी आळीत एलईडी लागले की त्याच्यावर खर्रर्र असा पडदा चढतो. लोक म्हणतात केंद्राची ताकद कमी झाली, नाहीतर सेट म्हातारा झाला. लाइट गेली की बॅटरीच्या ट्रान्झिस्टरवर तेच केंद्र कसं खणखणीत लागतं ते ऐका एकदा.

त्या ॲम्प्लिफायरचं काय केलं ते पण लिहितो म्हणजे कुणाच्या कामी येईल. ईसीसी८३ ची हरवलेली शील्ड, म्हणजे कंपनीची धातूची टोपी, परत बसवली आणि ती खरंच चेसिसला टेकते का ते पाहिलं, ग्रिडच्या पिनेवरच १० किलोओहमचा रेझिस्टन्स लावला, चेसिसच्या तळाचा पत्रा कुणीतरी काढून ठेवला होता तो लावला, माइकच्या वायरीची जाळी एकाच ठिकाणी अर्थला जोडली. मग अर्थिंग पाहिलं. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, खड्ड्यातली ओल उडून जाते आणि अर्थिंग नावालाच राहतं, म्हणून मार्च-एप्रिलपासून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा, हम कमी व्हायला मदत होते आणि माणसाच्या जिवालाही बरं. आणि जमलं तर त्या लाइटचा पॉइंट ॲम्प्लिफायरच्या बोर्डावरून काढून दुसऱ्या लाइनीवर घ्या.

हे सगळं करून पण १०० चा हम राहिला, लाइट बंद करून पण राहिला, तर मेन कंडेन्सर सुकला आहे, तो बदला, व्हॉल्व्हला हात लावू नका. ५० चा बारीक हम असेल तर हीटरची वायरिंग नाहीतर कॅथोडकडे गळती पाहा. आणि थोडी सुंसुं तर कायमच राहणार, ती इलेक्ट्रॉन एक एक करून येतात म्हणून असते, शॉटकी या शास्त्रज्ञांनी १९१८ मधे ती मांडून ठेवली आहे, अंधार केला तरी ती जाणार नाही.

लेखात अजून एक वाक्य होतं की व्हॉल्व्हच्या आत निळा उजेड दिसला तर तो खराब. त्यातही फरक आहे. ईएल८४, ईएल३४ अशा पॉवरच्या व्हॉल्व्हमधे काचेच्या आतल्या अंगाला चिकटल्यासारखा निळा रंग दिसतो, आवाजाबरोबर थरथरतो, तो इलेक्ट्रॉन काचेवर आपटल्याने येतो आणि निर्धोक आहे, उलट मला तर पाहायला फार आवडतो. प्लेट आणि कॅथोडच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत गॅस झाला, तो व्हॉल्व्ह काढाच, त्याचा ग्रिडला करंट येतो आणि खरखरही वाढते.

एक कळकळीची सूचना. हे प्रयोग सेट उघडा ठेवून करायचे नाहीत. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात, प्लग काढला तरी कंडेन्सरमधे राहतात, आणि यूसीएल८२ वगैरे यू सिरीजचे व्हॉल्व्ह असलेल्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओत तर चेसिसच लाइनीला जोडलेली असते, तिथे गाळणीचा प्रयोग अजिबात करू नका. पुठ्ठ्याची नळी फक्त छोट्या व्हॉल्व्हवर आणि मिनिटभरच, पॉवरच्या व्हॉल्व्हवर पुठ्ठा ठेवला तर पेटू शकतो. ज्याला सवय नाही त्याने पुठ्ठा आणि टॉर्च एवढंच करावं, बाकी माहितगार माणसाला बोलवावं, तालुक्याच्या आयटीआयमधे शिकवणारे सर लोक हे आनंदाने पाहतात असा माझा अनुभव आहे.

साहेब, बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवलेले रेडिओचे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत, जे आहेत ते गावागावात कपाटात, मंदिरात, ग्रामपंचायतीच्या माळ्यावर पडले आहेत. भंगारवाला ते काचेच्या भावातही धरत नाही, ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यासाठी घेतो आणि व्हॉल्व्ह तिथेच फोडून टाकतो. म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करून पुठ्ठा, गाळणी आणि टॉर्चचा प्रयोग चार ओळीत छापावा. गणपती-दुर्गादेवीच्या आधी छापला तर बरं, कारण त्याच दिवसात मंडळं माळ्यावरून जुने ॲम्प्लिफायर काढतात, नव्या रोषणाईच्या खाली ठेवतात, हम आला की विकून मोकळे होतात. कुणाला अडचण आली तर पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवू द्या, तुम्ही माझ्याकडे धाडा, मी उत्तर लिहीन.

आपला नम्र,
एक जुना रेडिओ मेकॅनिक
ता. आर्णी, जि. यवतमाळ